क्रमांक चारचा शेवटचा परिच्छेद

प्रति,
मा. केंद्र संचालक,
नभोवाणी केंद्र, दुसरा मजला.

विषय : यंदाच्या यादीतील क्रमांक चार हे नाव अर्जदाराच्या कपाटात परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, दि. २ जानेवारी. २) क्रीडा विभागातून आलेल्या एका सहकाऱ्यांच्या सत्काराची सूचना, त्याच दिवशी फलकावर लावलेली.

महोदय,

हा अर्ज हाताने लिहिला आहे, कारण टंकलेखिकाबाई सदर सहकाऱ्यांच्या बाजूच्या आहेत.

१. अर्जदार गेली सतरा वर्षे ध्वनिफीत भांडारात काम करते. नामवंत वयोवृद्ध व्यक्ती गेल्यावर तासाभरात श्रद्धांजली लागावी, म्हणून ती व्यक्ती हयात असतानाच लेख लिहून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दर जानेवारीत 'यंदा कोण' याचा अंदाज बांधून बारा नावांची यादी होते आणि त्यांचे लेख आधी पुरे केले जातात. हे काम कोणालाच नको होते. अर्जदार तेव्हा फितींवरची धूळ पुसत असे. शिक्षण बेताचे, जुने लेख उतरवून काढता काढता ती लिहायला शिकली. काम तिने मागून घेतले नव्हते, पण मिळाल्यावर कोणाला हात लावू दिला नाही, हे मान्य आहे.

२. सतरा वर्षांत अर्जदाराने एक्केचाळीस लेख लिहिले. प्रसारित झाले दोन. उरलेले एकोणचाळीस जण ठणठणीत आहेत. जुने विनोदी नट अकरा वर्षे यादीत आहेत. त्यांनी नुकतीच नवी कवळी बसवून घेतली. माजी मंत्र्यांना तीनदा रुग्णालयात नेले, तिन्ही वेळा ते चालत घरी आले. बुद्धिबळ खेळणाऱ्या बाई चौऱ्याण्णवाव्या वर्षी पोहायला शिकत आहेत. अर्जदाराच्या मनात कोणाविषयी वाईट नाही. पण आपण लिहिलेले कोणीतरी ऐकावे, असे लिहिणाऱ्याला वाटते, एवढेच.

३. गेल्या वर्षी यादी सदर सहकाऱ्यांकडे गेली. सामन्यांचे निकाल आधी सांगण्याची त्यांना सवय आहे. त्यांच्या बारांपैकी नऊ जण वर्षात गेले, त्यातले दोन एकाच आठवड्यात. आता सगळे त्यांना 'अचूक' म्हणतात. उपाहारगृहात लोक त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर वाकून हळूच आपल्या सासूचे वय सांगतात. अर्जदाराला तेथेच 'संजीवनीबाई' म्हटले जाते. मागच्या महिन्यात एका नव्वदीच्या गायिकेच्या मुलीचा दूरध्वनी आला, की "आईचं नाव तेवढं तुमच्याच यादीत घ्या हो." याला कोणी सन्मान म्हणेल. अर्जदार म्हणत नाही.

४. लेखापालबाई म्हणाल्या, "तुम्ही जळता." जळते. श्री. अचूक यांचे नऊही कार्यक्रम अर्जदाराने ऐकले. ते चांगले आहेत. हीच तक्रार आहे. ऑक्टोबरात त्यांचे दहावे नाव, ते वृद्ध शिल्पकार, अंथरुणाला खिळले, तेव्हा अर्जदाराने त्यांना फुले आणि लवकर बरे व्हावे असे पत्र पाठवले. ते निव्वळ मत्सरापोटी पाठवले होते. शिल्पकार बरे झाले आणि त्यांनी उलट टपाली आभार मानले. ते पत्र पुन्हा उघडायचा अर्जदाराला आजही संकोच वाटतो.

५. दोघांच्या पद्धतीत फरक आहे. श्री. अचूक कात्रणे समोर ठेवून एका दुपारी लेख हातावेगळा करतात. अर्जदार तपशील तपासायला त्या व्यक्तीच्या घरी जाते आणि नियमात बसत नसतानाही लेख वाचून दाखवते. मग समोरचे माणूस म्हणते, "अगं, ते राहिलंच की." पुढच्या खेपेला आणखी काही राहिलेले निघते. त्यामुळे अर्जदाराच्या कपाटातल्या एकाही लेखाचा शेवटचा परिच्छेद लिहिलेला नाही. मागील अहवालात आपण याला दिरंगाई म्हटले आहे.

६. आता क्रमांक चार, जे यंदाच्या परिपत्रकाने श्री. अचूक यांच्याकडे गेले. हे आपल्या केंद्राचे निवृत्त वृत्तनिवेदक, वय एक्क्याण्णव, ज्यांना सगळे बातमीआजोबा म्हणतात. अर्जदाराचे उच्चार त्यांनी सुधारले. ती चुकली की ते टेबलावर पेन्सिल आपटत. सहा वर्षे दर सोमवारी अर्जदार लेख घेऊन त्यांच्याकडे जाते आणि ते त्याच पेन्सिलीने दुरुस्त्या करतात. गेल्या गुरुवारी श्री. अचूक तेथे गेले आणि त्यांनी स्वतःचा लेख वाचून दाखवला. वाचून दाखवणे अर्जदाराची पद्धत आहे, ती त्यांनी उचलली, याची नोंद व्हावी.

सोमवारी अर्जदार गेली तेव्हा आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "काय लिहिलंय गं त्यानं. तुझ्या लेखात मी भला माणूस आहे. त्याच्यातला मी ऐकत राहावासा वाटतो. आता काही राहिलं नाही." चहा तसाच निवला. पेन्सिल त्यांनी अर्जदाराच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडेच असू दे." अर्जदाराला आधी लेखाचा राग आला. 'आता काही राहिलं नाही' याची भीती जिना उतरताना वाटली.

७. परिपत्रकाप्रमाणे श्री. अचूक यांच्या या लेखाचे ध्वनिमुद्रण येत्या सोमवारी आहे. त्याचे शेवटचे पान मंगळवारपासून सापडत नाही आणि शिपाई सगळे खण उपसत आहेत. त्यांना थांबवावे. पान अर्जदाराकडे आहे. ते तिने चार वेळा वाचले. तिला तसे लिहिता आले नसते.

८. काल, बुधवारी, अर्जदार आजोबांकडे पुन्हा गेली आणि म्हणाली, की श्री. अचूक यांनी तुमच्या पहिल्या बातमीपत्राचे साल चुकवले आहे. साल चुकलेले नाही. अर्जदाराने सतरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच जाणूनबुजून चुकीची माहिती दिली. आजोबा उठून बसले. म्हणाले, "पेन्सिल कुठाय?"

९. तरी विनंती अशी, की यादी, सत्कार आणि खिडकीजवळचे टेबल श्री. अचूक यांच्याकडेच राहू द्यावे. अर्जदाराची हरकत नाही. हरकत आहे, पण ती मागे घेत आहे. फक्त क्रमांक चार तिच्या कपाटात परत द्यावा. लेख कधीही पुरा होणार नाही आणि प्रसारित होणार नाही, याची संपूर्ण जबाबदारी अर्जदार घेते. सोमवारी ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती जागेवर नसेल. कारण सोबतच्या कागदात आहे.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
सहायक, ध्वनिफीत भांडार
दि. ११ जानेवारी

सोबत :
१) अर्जदाराचा लेख, क्रमांक चार. शेवटचा परिच्छेद कोरा.
२) श्री. अचूक यांच्या लेखाचे शेवटचे पान. जोडलेले नाही.
३) आजोबांच्या हातची चिठ्ठी, पेन्सिलीने : "साल बरोबर आहे, मला माहीत होतं. पण त्या दिवशी झालं ते तुम्हा दोघांच्याही लेखात नाही. गोष्ट लांब आहे. सोमवारी ये."