दवाखान्याला नंबर नाही

१ फेब्रु., रवि.
देवळाकडं पावण्यांची झुंबड. रिक्षाचं ॲप सकाळपासून तापलेलं. महाद्वार ते राजारामपुरी, मीटरच्या दुप्पट. एक बाई बसता बसता म्हणाली, "भैया, ये तो लूट है." म्हटलं, "ताई, भाव मी लावत न्हाय, कंपनी लावतीया." खोटं नव्हतं. पण पैसे जमा झाल्याचं वाजलं तेव्हा बरं वाटलं, तेही खोटं नाही.

स्टॉपवर बापू नव्या पोरांना पाटी समजावत होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या स्टॉपची ती पाटी त्यांनीच रंगवलेली. 'भाडे नंबरप्रमाणे. दवाखान्याला नंबर नाही.' म्हणजे पेशंट आला की रांग बघायची नाही, जवळ असेल त्यानं उठायचं, आणि मीटरवर एक रुपया जादा घ्यायचा नाही. पोरं माना डोलवत होती, डोळे फोनमध्ये.
बापूंकडं अजून बटणांचाच फोन. मला रिक्षा शिकवली त्यांनीच, क्लच सोडताना पाठीत गुद्दे घालून.

५ फेब्रु., गुरु.
दुपारी ऊन. ॲपवर दोन भाडी, दोन्ही मीटरपेक्षा कमी. वर कंपनीचा वाटा कापून. गिऱ्हाईक गप्प बसून गेलं. रविवारी जादा दिले की लूट, गुरुवारी मला कमी मिळाले की ऑफर. हा कसला न्याय? उगाच डोकं तापलं. घरी बायकोवर, सु. वर ओरडलो. तिनं ताट वाढलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

८ फेब्रु., रवि.
समीरनं नवी युक्ती काढली आहे. स्टॉपवरचा सगळ्यात चलाख गडी, तोंडही तेवढंच चालतं. फुटबॉलची मॅच सुटायच्या आधी सगळ्यांनी ॲप बंद करून बसायचं. कंपनीला वाटतं रिक्षाच नाहीत, भाव चढतो. समीर दुसऱ्या फोनवर स्वतः गिऱ्हाईक होऊन भाव बघतो. मनासारखा चढला की शिट्टी. मग सगळे एकदम चालू.
"कंपनी आपल्याला खेळवतीया, आपण कंपनीला खेळवायचं. काय चुकलं सांगा की!"
काही चुकलं नाही असंच वाटलं. शिट्टी वाजली तेव्हा सगळे हसत होतो. तालमीत जोर मारताना हसायचो तसं. दणकून धंदा झाला. सु. ला जिलेबी नेली.

१२ फेब्रु., गुरु.
बापूंना कळलं असावं. चहाला बसल्यावर म्हणाले, "दिन्या, लोकाची नड बघून दर लावायचा, ही काय आपली रीत न्हवं."
मी म्हणालो, "दसऱ्याला झेंडू महागतोय, तवा फुलवाल्याला कोण काय म्हणतंय?"
"झेंडू न्हाय मिळाला तर दसरा थांबत न्हाय मर्दा."
मी चहाचे पैसे देऊन उठलो. पण बापूंच्या घराचं कर्ज फिटलेलं, पोरगी राजारामपुरीत चांगल्या घरी दिलेली. त्यांना रीत परवडते. हे तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो.

२३ फेब्रु., सोम.
काल लिहिलं नाही.

काल फायनल. पेठेत सकाळपासून भोंगे, झेंडे. स्टेडियमकडचे रस्ते अर्धे बंद. बापू पावणं घेऊन जोतिबाला गेलेले. मॅच सुटायच्या सुमाराला आम्ही सगळ्यांनी फोन बंद केले. आमचाच स्टॉप नाही, समीरनं राजारामपुरीच्या स्टॉपलाही सामील करून घेतलं होतं. भाव चढायला लागला. मी म्हटलं आता पुरे. समीर म्हणाला, "थांब की भावा, अजून चढतोय." थांबलो. चहा सांगितला. चहा पिऊन झाला.
शिट्टी वाजली. चालू केल्या केल्या भाडं आलं. राजारामपुरी ते दवाखाना. अडीचपट. मीच पटकन दाबलं, शेजारच्याच्या आधी. दवाखाना हा शब्द मी वाचला होता. आकडाही वाचला.

बोळाच्या तोंडाला तेजू उभी. बापूंची नात.
"दिनूकाका! कवाधरनं लावतोय, एक बी गाडी दावंना. स्टॉपवर पळत जाऊन आले, कोण उठंना, मॅचची गर्दी म्हणत्यात. अँब्युलन्स बी त्याच गर्दीत अडकलीया."
आत खुर्चीत आक्का. बापूंची बायको, लेकीकडं सुट्टीच्या दिवशी आलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काहीतरी म्हणायला गेली, नुसताच घशातून आवाज. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
मी आणि तेजूच्या आईनं उचललं. कसा गेलो, कुठून गेलो. हॉर्नवरचा हात काढलाच नाही.
दवाखान्याच्या दारात फोन वाजला. पैसे जमा. तेजूनं आधीच ऑनलाइन भरले होते.

२५ फेब्रु., बुध.
मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टर बापूंना म्हणाले, "अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. थोडं आधी आलं असतं तर..." मी पाण्याची बाटली घेऊन मागंच उभा होतो.
हात आणि बोलणं गेलं आहे. परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही म्हणाले.

२७ फेब्रु., शुक्र.
बापू स्टॉपवर आले. अंबाबाईचा नारळ फोडून आणलेला. सगळ्यांना खोबरं वाटलं. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक बी रिक्षा मिळंना गावात. ह्यो माझा गडी देवासारखा आला. दिन्या नसता तर आक्का घरातच ग्येली असती."
कुणी वर बघितलं नाही. समीरनं खोबरं हातात धरलं, खाल्लं नाही. मी खाल्लं. गिळताना घशात अडकलं, बापूंनीच पाठीवर थापटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ मार्च, रवि.
सु. ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली.
"बापूंना सांगणार हाय," मी म्हटलं.
"सांगून आक्काचा हात हलणार हाय का? तुमचं काळीज हलकं हुईल. त्यांचं वझं वाढंल."
असंही असेल. पण संध्याकाळी आक्काला पेज द्यायला जायचं ठरलं होतं, तर सु. नं डबा माझ्याच हातात दिला. "तुम्हीच जावा," म्हणाली. तिलाही तोंड दाखवता येईना.

आज ॲप लावलंच नाही. मीटरवर चार भाडी. पण मी एकट्यानं बंद ठेवलं तर भाव वाढायलाच मदत. चालू ठेवलं तर तो वाढीव भाव घ्यायचा. दोन्हीकडून तेच.

५ मार्च, गुरु.
समीरशी वाजलं.
"आपण काय आक्काला झटका दिला व्हय? भाव कंपनी लावतीया, तूच म्हणत हुतास."
"फोन कुणी बंद केलते?"
"सगळ्यांनी! तू बी. आणि आधी भाडं कुणी दाबलं? अडीचपट बघूनच दाबलंस नव्हं?"
मारायला हात उचलला, खाली घेतला. तो खरं बोलत होता. मग तोच रडकुंडीला येऊन म्हणाला, "दिनूदा, मला बी झोप न्हाय."
त्याच्या रिक्षाचे हप्ते आहेत. पोरगी शाळेत. कंपनी कधी कमी देते, कधी जास्त, आमच्या हातात काही नाही. एकच गोष्ट हातात आली होती, तिचं आम्ही हे केलं.

९ मार्च, सोम.
आक्काला व्यायामाच्या दवाखान्यात सोडायला रोज मीच जातो. बापू हट्टानं मीटर टाकायला लावतात. मोजून तेवढेच देतात. नको म्हटलं तर चिडतात. "दवाखान्याचा काय नियम हाय? मीटरवर जादा न्हाय. फुकट असं कुठं लिवलंय?"
आक्का आज डाव्या हातानं माझी बाही धरून काहीतरी सांगत होती. बापू म्हणाले, जेवलास का विचारतीया.

१४ मार्च, शनि.
उद्यापासून फुटबॉलची दुसरी स्पर्धा. दुपारी बापू घरी आले. हातात तेजूचा जुना फोन. सु. नं चहा ठेवला आणि आतच थांबली.
"ह्यात ते ॲप घालून दे."
मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. दुपारपर्यंत आक्काजवळ बसावं लागतं. तिची औषधं, व्यायाम. उरलेल्या वेळात दिवसाचा धंदा व्हायला पाहिजे, आणि मीटरवर तो होत नाही.
"बापू, पाटी..."
"पाटी हाय तिथं हाय. तू घाल."
घालायला लागलो. नाव, लायसन, रिक्षाचा नंबर. बापू शेजारी बसून बोटाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "आणि ते रविवारचं तुमचं बंद-चालू कसं असतंय, ते बी दाव."
मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते फोनकडंच बघत होते. माहीत आहे का त्यांना? किती माहीत आहे? फायनलच्या दिवसाचं कुणी बोललं असेल? की नुसतंच विचारतायत, शिकायचं म्हणून? चेहऱ्यावरून काही कळेना. तीस वर्षं हा चेहरा बघतोय.

ओटीपी आला. बापूंनी आकडे एकेक करून वाचले. मला ते टाकता येईनात.
म्हटलं, "चष्मा घरात न्हाय वाटतं. उद्या करूया की."
चष्मा खिशात होता. बापूंनी खिशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली.
"बरं. उद्या सकाळी येतो," म्हणाले. "मॅचच्या आधी."