डाव्या सीटची ओटी

४ नोव्हेंबर, सोमवार

जुन्या गाडीसाठी पतसंस्थेचं कर्ज मंजूर! मॅनेजरनं सतरा सवाल केले — शोरूमची का नाही, परस्पर माणसाकडून घेता तर गाडी पाहिली कोणी, जामीनदार कोण. म्हटलं, साहेब, शोरूमची घेतली तर वरात पायीच न्यावी लागेल! हसला. सही ठोकली.

जामीन लखन राहिला. शेजारी असावा तर असा. गॅरेज त्याचंच, त्यानंच गाडी खालून-वरून तपासली. "काका, इंजन लोन्यावानी हाये."

पोरगा विकास तिशी ओलांडून गेला. शेत आहे, वाशीमला दुकानात नोकरी आहे, पण दारात चारचाकी नाही म्हणून दोन स्थळं फिरली. बायको गोजरा म्हणते, "पोरगी पोराले देतेत का गाडीले?" घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. आता गाडीही पाहू घेऊन!

६ नोव्हेंबर, बुधवार

गाडी आणली. पोहरादेवीच्या अलीकडच्या तांड्यावरून. मालक उदयसिंग, अबोल माणूस. पतसंस्थेचा चेक हातात दिला तर आकडाही न पाहता खिशात घातला.

निघणार, तोच त्याची बायको भुरीबाई बाहेर आली. डावीकडचं दार उघडून सीटवर तांदूळ, नारळ, हिरवा खण ठेवला. सीटच्या पाठीला हळदकुंकू लावलं. गाडीची ओटी! मला भरून आलं. किती जीव लावला असेल. लेक सासरी धाडताना आईचं तोंड होतं, तसंच तोंड.

हात जोडून म्हटलं, "बाई, काळजी करू नका. तुमची लेक आता आमची सून. पोटच्या पोरीवानी ठेवू."

तिनं रोखून पाहिलं. "शब्द देला, भाऊ?"

"देला!"

मग रडली. उदयसिंग पाठ फिरवून उभा होता.

९ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या सीटची घंटी वाजते. पट्टा लावा, पट्टा लावा! आणि सीट रिकामी. लखन म्हणाला, "सीटवर वजन पडल्याबिगर हे वाजत नाई, काका. सेन्सर गेला असंल." वायरच काढून टाकली.

घरी येईपर्यंत वाजत होती.

१२ नोव्हेंबर

वाजते.

१७ नोव्हेंबर, रविवार

कारंज्याला मुलगी पाहून आलो. योगिनी. गोड पोर, बोलायला मोकळी. तिच्या बापानं आधी गाडीभोवती फेरा मारला, मग आम्हाला राम राम केला! "दोघं जरा फिरून या," म्हटलं. तिनं डावं दार उघडलं, थबकली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. नंतर म्हणाली, "कोनी बसलं हाये असं वाटलं मले." सगळे हसले. मीही हसलो.

होकार आला! गोजरानं तिथल्या तिथे तिच्या हातावर साखर ठेवली.

येताना मी आणि गोजरा मागे बसलो. घंटी नाही. वाकून पाहतो तर विकासनं पुढच्या रिकाम्या सीटला पट्टा लावलेला.

"लावला का गप होते, बाबा." मग म्हणाला, "घंटी म्हनतो मी."

मी कुठे काही विचारलं होतं?

२५ नोव्हेंबर, सोमवार

पोरगं बदललं. सकाळी गाडी पुसतो — फक्त डावी सीट. काल गोजरानं भाजीची पिशवी तिथे ठेवली, तर यानं उचलून मागे ठेवली. हळूच, झोपलेल्या माणसाजवळून उचलावी तशी. साखरपुड्याची तारीख विचारली की "पाहू."

लखन चिडवतो, "काका, तुमचं पोट्टं गाडीच्याच प्रेमात पडलं!"

विकास लाजला. मला ते आवडलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

तांड्यावर गेलो. सेन्सरचं विचारावं म्हणून. भिंतीवर फोटो, फोटोला हार. सपना — त्यांची लेक. लग्न ठरलं होतं. हळदीच्या आधीच काविळीनं गेली. दवाखान्यातून आणताना, याच गाडीत. आईनं पट्टा लावून बसवली होती. डाव्या सीटवर.

म्हटलं, "बाई, मी ते गाडीची ओटी समजलो!"

भुरीबाईनं चहा पुढे सरकवला. "गाडीची ओटी कोन भरते, भाऊ? गिऱ्हाईकं लय आले. कोनी टायर पाहे, कोनी भाव पाडे. सून म्हननारे तुमी एकलेच."

"गाडी परत घ्या. कर्जाचं मी निस्तरतो."

"देल्ली लेक परत घेतेत का कोनी?"

चहा तसाच राहिला. येताना घंटी वाजत होती. वाटेत थांबलो आणि पट्टा लावला. मीच.

५ डिसेंबर, गुरुवार

गोजराला सगळं सांगितलं. वाटलं घाबरेल. चिडली — तीही माझ्यावर! "जिभेले हाड नाई तुमच्या! आन् त्या पोरीले महिनाभर दारात ताटकळत ठेवलं?"

मग तिनंच तोड काढली. सून नाही, लेक म्हणून घरात घ्यायची. भाकरतुकडा ओवाळायचा, पायावर पाणी घालायचं, देवापाशी बसवायचं. ती लेक झाली की विकास तिचा भाऊ. योगिनीची वाट मोकळी. आणि त्या पोरीलाही घर.

माझी गोजरा शाळेची पायरी चढली नाही. पण काय डोकं!

विकासला सांगितलं. ऐकून घेतलं. गाडी पुसायला गेला. रविवारी करायचं.

८ डिसेंबर, रविवार

भाकरतुकडा घेऊन गोजरा दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. उंबऱ्यावर तांदळाचं माप. लवंडलेलं. तांदूळ आत सांडलेले. माप लेकीला नसतं, सुनेला असतं. गोजरानं ठेवलं नव्हतं. मीही नाही.

अंगणात गाडी सुरू होती. डाव्या सीटचा पट्टा सोडलेला, तरी घंटी नाही.

विकास दाराशी आला. हातांना हळद.

"बाबा, योगिनीच्या घरी नाही म्हनून कळवा."