उंबऱ्यापाशी काढलेले बूट

ऑस्लो, मंगळवार

प्रिय गुद्रुनताई,

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरत नाही, म्हणजे फारसा नाही. तुझा खोकला कसा आहे? फोनवर तू तो दाबतेस, ते कळतं मला.

इथे दिवसभर करायला काही नाही. या खिडकीतून त्या खिडकीत नुसत्या येरझाऱ्या. कामावर निघताना इंगविल रोज विचारते, "आई, आज कुठलं संग्रहालय?" चित्रांचं नको, उभं राहून पाय भरून येतात. जहाजांचं नको, जन्म धक्क्यावरच गेला. काल ती वैतागलीच, "मग ट्राम बघत बस!"

म्हणून आज जुन्या घरांचं निवडलं. गावोगावची लाकडी घरं उचलून आणून मांडली आहेत. एकाचा उंबरा अगदी आपल्यासारखा. मी सवयीनं बूट काढले, भिंतीशी नीट लावले आणि मोज्यांनिशी आत गेले. तिथली मुलगी हसायलाच लागली. "अहो आजी, बूट घाला! इथे कुणी राहत नाही."

पायाखालच्या फळ्या बर्फासारख्या गार होत्या गं. चुलीत राखसुद्धा नव्हती.

इंगविल म्हणते, घर विका आणि दोघी इकडेच या. तुला न विचारताच मी हो म्हणणार होते. पण आज तिला ‘नको’ म्हणाले. ती फुगून बसली आहे, बसू दे.

शुक्रवारच्या बोटीनं येते. तोवर चूल विझू देऊ नकोस. आणि माझ्या घरात घालायच्या सपाता दारात काढून ठेव.

तुझीच धाकटी,
तूरिड