कारवीचं माप

१८ फेब्रुवारी
जीपच्या इंजिनाचं हेड महाडच्या लेथवाल्याने घासून दिलं. आंबेनळी घाटात गॅसकेट उडालं, तेव्हा ते वाकलं होतं. आता पोळपाटासारखं सपाट. म्हणजे गाडी झालीच, फक्त जोडायची.
शिमग्याच्या पालखीला मी माझ्या जीपनेच वाडीवर जाणार. यंदा पहिल्या नारळाचा मान वाडीवरच्या आमच्या जुन्या घराला. दार बंद दिसलं तर पालखी थांबत नाही, मान पुढच्या घराला जातो. पुढचं घर येसाजीचं. सख्खा मोठा भाऊ. त्याचं नाव या वहीत शेवटचं.

१९ फेब्रुवारी
येसाजीने पिकअप घेतली आणि माझ्या जीपने जाणारं वाडीवरचं दूध, माणसं, सगळं त्याच्याकडे गेलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे माझं. तो भेटला की बोलतोच. निगरगट्ट.
तुळसा म्हणाली, मोठ्या भावजींची पिकअप हाय ना, तिच्यातनं जाऊ. बायकोला उपास कळतात, नवस कळतात, मान कळत नाही.

२३ फेब्रुवारी
अडचण. किरकोळ. हेड घासल्यामुळे खाली बसलं, त्यामुळे पुशरॉड लांब पडतात. तुळसाला समजावलं, की रॉकरला ढकलणारी सळई लांब झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि इंजिनाचा दम निघून जातो. ती म्हणाली, मग आखूड करा. जणू परकराची नाडी.
राजू मेकॅनिक म्हणाला, किती घासलंय ते लेथवाल्याला इचार. लेथवाला म्हणतो, लक्षात नाय, थोडंसंच. यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. मी स्वतः करणार. मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला. भाषा कळली नाही, हात कळले.

२६ फेब्रुवारी
व्हिडिओतल्या माणसाकडे लांबी कमी-जास्त करता येणारी खोटी सळई आहे. ती लावून तो इंजिन हाताने फिरवतो. व्हॉल्व्हच्या डोक्याला शाई लावतो. घासल्याची खूण मधोमध आली की तीच खरी लांबी. तशी सळई मुंबईहून मागवावी लागेल. कशाला? वरंधच्या बाजूने येताना कारवी तोडून आणली. वडिलांनी अख्खं घर कारवीच्या कुडावर उभं केलं, अजून उभं आहे. एक व्हॉल्व्ह नाही पेलणार? शाईऐवजी तुळसाचं काजळ.

१ मार्च
कारवी थोडी वाकते. फार नाही. बऱ्याच काठ्या कापल्यावर एक छान बसली. खूण कडेला आली, पण अगदी कडेला नाही, म्हणजे मधोमधच म्हणायची. राजूने येऊन नाक खुपसलं. म्हणे, लाकूड दबतंय रे, स्प्रिंगचा जोर सोसत नाय त्याला, लोखंडाला हे माप नको देऊ. जळतात लोक.
काजळावरून तुळसा बोलत नाही. घरात शांतता आहे, कामाला बरं पडतं.

५ मार्च
कारवीच्या मापाने सळया कापून आणल्या. लेथवाला पुन्हापुन्हा विचारत होता, नक्की ना. मी नुसता हसलो.
पालखीला पांढरा सदरा आणि फेटा. येसाजीने हात जोडले तर मान हलवायची. बोलायचं नाही.

९ मार्च
गाडी जोडली. स्टार्टर मारला. फुस्स. पुन्हा फुस्स. राजू म्हणाला, व्हॉल्व्ह मिटत नायत, सळया अजून लांबच हायत. माझ्या मते बॅटरी.
येसाजीने रस्त्यात पिकअप थांबवली. म्हणाला, भरत, पालखीला न्यायला येऊ का? मी बोनेटमधून डोकं काढलं नाही. तो बराच वेळ उभा होता. तो गेला तेव्हा माझी मान आखडली होती.

१४ मार्च
नवी बॅटरी. फुस्स.
जीप उतारावर ढकलून गिअरमध्ये सोडली. राजूने हात लावला नाही, शेजाऱ्यांनी लावला. आतून टकटक आली, मग एक मोठा आवाज, मग काहीच नाही. उघडून पाहिलं. सळया वाकल्यात. लेथवाल्याचं लोखंडच हलकं.

१६ मार्च, सकाळ
आज पालखी. वाडीवर चालत जायला वाट आहे, आत्ता निघालो तर वेळेत पोचेन. पण मानकरी घामाघूम होऊन, चपला हातात घेऊन येतो का? सळया ठोकून सरळ करतोय. तुळसा नवी साडी नेसून पिकअपमध्ये बसली. येसाजी खाली उतरून म्हणाला, चल रे. मी बोललो शेवटी. म्हटलं, मागून आणतोच गाडी.

संध्याकाळ
गेलो नाही. तुळसाचा फोन आला. येसाजीने कालच आमचं दार उघडून ओटी सारवून ठेवली होती. पालखी थांबली. पहिला नारळ त्याने माझ्या नावाने दिला. मग सगळ्या वाडीसमोर देवीला गाऱ्हाणं घातलं, की आई, माझा भरत खाली गाडीपाशी अडकलाय, त्याची गाडी चालू कर आणि त्याला वर आण. सगळ्यांनी होकार दिला.
मी विचारलं, कोण कोण हसलं. ती म्हणाली, कोणीच नाय.
हसले असते तर बरं झालं असतं. मान राहिला, पण तो येसाजीने राखला, हे मला सहन होत नाही.
फोन ठेवून एकदा स्टार्टर मारून पाहिला. देवीचं काही सांगता येत नाही.
फुस्स.