बांधावरची कळलावी

लोणावळा, रविवार

ती. आईस,
ऋचाचा नमस्कार.

नागपुरात श्रीयशदादाकडे वेळेवर जेवतेस ना? माझी काळजी करू नकोस, रेनकोट नेला होता.

बाबा गेल्यावर आज पहिल्यांदाच त्यांच्या निसर्गफेरीला गेले. पावसात शीळकरी कस्तूर गात होता. उघडीप झाली तेव्हा नीलवंत फुलपाखरूही दिसलं.

माझ्या गळ्यातली बाबांची दुर्बीण ओळखून शेतातून भिमाजी आबांनी हाक मारली. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

"सर न्हाई आले? त्यांच्यासाठी बांधावरची कळलावी कापली न्हाई. फुलं आठ दिस ऱ्हातील, तवर या म्हनावं."

मला खरं सांगवेना. "सांगते" म्हटलं आणि पुढे निघाले.

आई, पुढच्या रविवारी येशील? त्यांना सांगायला हवं. एकटीला जमणार नाही.

तुझी,
ऋचा