एक काना जास्त

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आजपासून दर गुरुवारी संध्याकाळी हॉल आपला नाही. हिने ग्रुप जमवलाय. मेव्हणी, शेजारची शिवणक्लासवाली आणि खालच्या मजल्यावरचा डेंटिस्ट. सगळे मिळून एक मालिका बघणार आणि नंतर तिच्यावर चर्चा करणार. म्हणजे आधी बघायचं आणि मग जे बघितलं ते एकमेकांना सांगायचं.

मलाही बसा म्हणाली. कसली मालिका, विचारलं. म्हणाली, जुन्या काळची आहे, एक छापखानेवाला नवराबायकोच्या शरीरसंबंधांवर पुस्तक छापतो, तेव्हा ते छापणं गुन्हा असतो, आणि त्याची स्वतःची बायको... इथे मी हात वर करून तिला थांबवलं. मुलगी घरात आहे म्हटलं. मुलगी म्हणाली, तिची कधीच बघून झाली.

तत्त्व म्हणून आतल्या खोलीत बसलो. घरात कुणीतरी मर्यादा सांभाळायला हवी. दार लावून घेतलं. लाकूड फुगल्यामुळे ते पूर्ण लागत नाही, त्याला माझा इलाज नाही.

डेंटिस्टला केस जास्त आहेत. वयाच्या मानाने.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

ऐकू येऊ नये म्हणून पंखा पाचवर ठेवला. तरी आलं. श्रवणयंत्रांचं दुकान चालवणाऱ्याचे कान तिखटच असायचे. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, फक्त खुर्ची दाराजवळ होती.

मालिका संपली, टीव्ही बंद झाला, आणि ही म्हणाली, "मला तर तिचा विकास पटला."

हेच शब्द. डेंटिस्ट म्हणाला, त्यालाही पटला, पण जरा घाईत वाटला. मेव्हणी म्हणाली, पटला काय, प्रेमातच पडले मी.

कोण हा विकास? आणि 'तिचा' म्हणजे कुणाचा? दुसऱ्या बाईचा विकास हिला पटतो, बहिणीलाही पटतो, आणि माझ्याच हॉलमध्ये माझ्याच चहावर त्याची चर्चा होते!

जेवताना मुद्दाम थंडपणे वागलो. एक शब्द बोललो नाही. तिला काही वेगळं वाटल्याचं दिसलं नाही. पक्की आहे.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

सकाळी ८.१०. दाढी करत होतो. ही फोनवर बहिणीशी बोलत होती. मी नळ बंद केला (पाणी वाया जाऊ नये म्हणून). तर स्पष्ट म्हणाली, "अगं, आमच्याकडे कुठला आलाय विकास! वीस वर्षं वाट बघतेय."

गालाला ब्लेड लागलं.

वीस वर्षं. आमच्या लग्नाला वीसच वर्षं झाली. म्हणजे लग्नाच्या दिवशी सारखी दाराकडे बघत होती ते त्याच्यासाठी. मला वाटलं होतं, फोटोग्राफरकडे बघतेय.

शांतपणे विचार केला. तो अजून आलेला नाही, पण येण्यासारखा आहे, आणि ही त्याला नाही म्हणणार नाही. दुपारी सुताराला बोलावून पुढच्या दाराला जास्तीची कडी लावून घेतली. आतलं दारही तासून देतो म्हणाला. ते राहू दे म्हटलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

हिचा फोन तपासला. एक फोटो शोधायचाय म्हणून मागितला, तर तिने लगेच काढून हातात दिला. इतक्या सहज दिला म्हणजे तयारी असणार. विकास नावाचा एकही नंबर नाही. माणसाला काही लपवायचंच नसेल तर तो एखादा तरी विकास ठेवतोच की!

मग डेंटिस्टकडे गेलो. पाटीवर नाव वेगळं आहे, पण घरचं नाव काहीही असू शकतं. दात साफ करायचेत म्हटलं. त्याने माझ्या तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घातली आणि मग बोलायला लागला. म्हणाला, वहिनींची नजर फार बारीक आहे हो, विकासावर बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटतं. मी 'आ' करून बसलेला. त्या अवस्थेत कुणाला काय सुनावणार? निघताना म्हणाला, दात फार झिजलेत, तुम्ही झोपेत दात खाता का? कुणावर, ते नाही विचारलं.

तो स्वतः विकास नाही. स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल कुणी इतकं बोलत नाही. पण ओळखतो नक्की.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

आज महत्त्वाचा शोध लागला. ही 'विकासला' म्हणत नाही, 'विकासाला' म्हणते. 'विकासचा' नाही, 'विकासाचा'. सगळं जग नाव घेताना सरळ घेतं आणि ही मध्ये एक काना जास्त घालते. लाडाने. मला वीस वर्षांत 'अहो'च्या पुढे काही मिळालं नाही. त्यातही काना एकच आहे, आणि तोही व्याकरणाचा.

मुलीला आडून विचारलं, विकासबद्दल तुला काय वाटतं? म्हणाली, छान आहे, पण शेवटी शेवटी नीट दाखवला नाही. म्हणजे तिनेही पाहिलाय! पोटच्या पोरीने.

एक शंका होती की हा त्या मालिकेतलाच कुणी असेल. पण मालिका शंभर वर्षांपूर्वीची. तेव्हा विकास वगैरे नावं ठेवत नसत. म्हणजे माणूस आजचाच आहे. बोलण्यात सारखा छापखाना येतो, म्हणून दुकानाची पत्रकं जिथे छापतो त्या प्रेसमध्ये गेलो आणि मालकाला एकदम विचारलं, तुमच्याकडे विकास आहे का? तो मशीनकडे बघत म्हणाला, "कसला विकास साहेब, धंदाच बसलाय." नजर चुकवली.

दुकानात परत आलो तर ते रिटायर्ड हेडमास्तर येऊन बसलेले. नव्या यंत्राची तक्रार. म्हणाले, आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत. मी समजावलं, यंत्रात दोष नाही, कानाला सवय लागते, घरच्यांशी बोलत राहा. लोक महागडं यंत्र घेतात आणि मेहनत नको असते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज पंखा लावलाच नाही. वीज वाचली.

मोठी खडाजंगी झाली. डेंटिस्ट छापखानेवाल्याच्या बाजूने होता. इतकं धाडसी पुस्तक छापलं, तुरुंगात जायची तयारी ठेवली, आणखी काय करायला हवं त्याने? ही उसळली. म्हणाली, पुस्तक छापलं म्हणजे विकास झाला असं नाही. जगाला शहाणपण शिकवतो, पण बायकोला एकदा तरी विचारतो का, की तुला काय हवंय, तुला काय आवडतं? ती बिचारी आधी दिवा घालवा म्हणायची, आता दिवा लावून स्वतः विचारते, मला सुख मिळतं की नाही हे तुम्ही कधी विचारलंत? तर हा काय म्हणतो, शाई वाळली का बघ.

शिवणक्लासवाली हळूच म्हणाली, आमच्याकडे शाईसुद्धा नाही.

छापखानेवाल्याची मला दया आली. माणूस कामात असतो हो.

बाकी हे सगळं वरवरचं. मालिकेच्या नावाखाली मध्येमध्ये विकासला घुसवतात, ही यांची सांकेतिक भाषा आहे. कारण लगेच मेव्हणी म्हणाली, विकास एकदम नाही येत ताई, हळूहळू येतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. मी उठून मागचं दार बघून आलो. बंद होतं.

संकल्प: त्याच्यात जे आहे ते माझ्यातही आहे हे दाखवून द्यायचं. पोट आत. रोज चालणं. नवा शर्ट. केस.

रविवार, २१ फेब्रुवारी

केस काळे केले. डाव्या कानालाही रंग लागला. घासला तर पसरला.

चालणं उद्यापासून. एका दिवशी दोन बदल शरीराला झेपत नाहीत.

सोमवार, २२ फेब्रुवारी

दुकानात तीन गिऱ्हाइकांनी माझ्या कानाकडे बघत स्वतःच्या कानाची तक्रार सांगितली. हेडमास्तर म्हणाले, तुम्हाला काय झालंय? हिने मात्र काहीच विचारलं नाही. फक्त उशीला जुना अभ्रा घातला. मन दुसरीकडे असलं की नवऱ्याच्या केसांकडे लक्ष जायचं कसं!

खरं लिहायचं तर भीती वाटते. जेवण जात नाही. तिने फोन उचलला की मी दाराशी जाऊन उभा राहतो. ही गेली तर माझ्याजवळ काय राहणार? मुलगी तिच्याच बाजूने बोलते, घरातल्या वस्तू कुठे असतात ते तिलाच माहीत असतं. माझे मोजे कुठल्या खणात आहेत तेही मला सांगता येणार नाही.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

शेवटचा भाग. आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. नवा शर्ट घातला. टीव्ही बंद झाल्यावर दार ढकलून हॉलमध्ये गेलो.

मला बघून हिचा चेहरा एकदम उजळला. हे लिहून ठेवतो, कारण तसा तो बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. सरकून जागा केली, म्हणाली, या ना, बसा, विकासाबद्दलच चाललंय.

माझ्या तोंडावर! मी बसलो नाही. विचारलं, हे कधीपासून चाललंय? डेंटिस्ट म्हणाला, पहिल्या भागापासून. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? शिवणक्लासवाली म्हणाली, बघणाऱ्याला दिसतोच की. आणि माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे? मेव्हणी म्हणाली, भाऊजी, तुम्हाला किती वेळा बोलावलं, तुम्हीच येत नाही.

मग माझा तोल गेला. निरोप त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून डेंटिस्टकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, या घरात एक तर विकास राहील, नाहीतर मी!

मग मेव्हणीने तोंडावर उशी दाबून धरली. शिवणक्लासवालीला ठसका लागला. डेंटिस्टला काही उमगेना. तो म्हणाला, कोण राहायला येतोय? शेवटी मुलगी आतून आली आणि माझा हात धरून लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, बाबा, पात्राचा विकास. कॅरेक्टर डेव्हलपमेंट. तो माणूस नाहीये.

सगळे हसले. डेंटिस्ट तर डोळे पुसत होता. दात चांगले आहेत त्याचे.

ही एकटी हसली नाही. कप गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक तर विकास, नाहीतर तुम्ही. ते मला वीस वर्षांपासून माहीत आहे."

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

सकाळ. सुटलो. विकास नाही, कधीच नव्हता. बायको माझीच आहे. गेले दोन आठवडे उगाच दात खाल्ले. चूक माझी नाही, शब्दच फसवा आहे. काना तेवढा आधीच पकडला होता मी, अर्थ लावायचा राहिला.

दुपार. गिऱ्हाईक नव्हतं. बसल्या बसल्या हिची वाक्यं पुन्हा ऐकू यायला लागली. आमच्याकडे कुठला आलाय विकास. वीस वर्षं वाट बघतेय.

विकास नावाचा कुणी असता तर परवडलं असतं. त्याला दारातून हाकलता आलं असतं. चारचौघांत दोन हात करता आले असते. ती त्याची वाट बघत नव्हती. मी घरातच होतो आणि ती माझी वाट बघत होती. आता कुणावर ओरडू?

सुताराला फोन केला. जास्तीची कडी काढायला सोमवारी येतो म्हणाला.

रविवार, २८ फेब्रुवारी

दुकान बंद असतं, तरी गेलो. कान तपासायच्या साउंडप्रूफ पेटीत बसून, हेडफोन लावून मालिकेचा पहिला भाग बघितला. 'तसलं' काहीच नव्हतं. बायको दारात उभी असते, तिला काहीतरी बोलायचं असतं, आणि छापखानेवाला छपाईचे खिळे जुळवत बसलाय, मान वर करत नाही. अरे, बघ की तिच्याकडे! हे मोठ्याने ओरडलो. पेटीबाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

येताना एक वाक्य तयार केलं: बायकोच्या पात्रात विकासाची शक्यता पहिल्याच भागात दिसते. रस्त्यात घोकलं. 'विकासाची', कान्यासकट.

जेवताना तिला सांगितलं, पहिला भाग बघितला. तिचा घास हातातच राहिला. विचारलं, कसा वाटला?

मी म्हणालो, "आवाज स्पष्ट होता."

ती म्हणाली, बरं.

आता आतल्या खोलीत आहे. हॉलमध्ये ती बहिणीशी फोनवर बोलतेय. म्हणाली, नाही गं, विकास कुठला! आवाज स्पष्ट होता म्हणाले. पण बसले होते गं, अख्खा भाग बसले होते.

या वेळी सगळे शब्द कळले. नंतर ती हसली, ते कशाला ते तेवढं कळलं नाही. उद्या सुतार आला की हे दार आहे तसंच राहू दे म्हणायचं.