थाळी वेगळी झाली

यान्बू, सौदी अरेबिया, शुक्रवार

प्रिय सफूरा, सलाम.
मी बरा आहे. अब्बांचा गुडघा कसा आहे?

खोलीतले हसन आणि इद्रीस एकाच देशाचे. आम्ही तिघं एकाच थाळीत जेवतो. काल त्यांच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांवरून वाद पेटला. हसन म्हणाला, "त्यांनी गावाला रस्ता दिला." इद्रीस म्हणाला, "त्याच रस्त्याने त्यांच्या सैनिकांनी माझ्या भावाला उचलून नेलं."

भांडण मिटावं म्हणून मी बोललो, "मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत."

इद्रीसने घास खाली ठेवला. "माझा भाऊ मेला की जिवंत आहे, हे तरी कुणी सांगितलंय का?"

आज त्याने थाळी वेगळी घेतली.

तुझा भाऊ मोहसीन होडीसकट बेपत्ता झाला, तेव्हा आठव्या दिवशीच मी तुला 'सबर कर' म्हणालो होतो. तू उठून आत गेलीस. तेव्हा तुला काय बोलायचं होतं, ते आता लिही.

तुझं ऐकायला बसलेला,
रय्यान